एक ठोका पुढे, दोन ठोके थांब

शिवा सारंग नोकरीतून निवृत्त झाले, पण हुकूम देण्यातून झाले नाहीत. दाभोळच्या खाडीत माणसं, कोंबड्या आणि मोटारसायकली पैलतीराला नेणाऱ्या लाँचवर त्यांची हयात गेली. लाँचचा सारंग वर सुकाणूपाशी उभा असतो, इंजिन खाली पोटात असतं आणि इंजिनापाशी ड्रायव्हर. दोघांत बोलणं नसतं. एक दोरी असते आणि दोरीच्या खालच्या टोकाला पितळी घंटा. एक ठोका पुढे, दोन ठोके थांब, तीन ठोके मागे. वरच्याने वाजवायचं, खालच्याने करायचं. खालच्याचं काही म्हणणं असलंच, तर त्यासाठी वेगळा ठोका ठेवलेला नव्हता. सारंगांचा ड्रायव्हर एकदा रत्नागिरीच्या बाजारात समोरून आला, तर यांनी त्याला ओळखलं नाही. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत त्याला उजेडात पाहिलंच होतं कुठे?

लाँच भंगारात गेली तेव्हा इतरांनी चांगलं लाकूड बघून नेलं, सारंगांनी घंटा आणली. देवापुढे ठेवूया, असं त्यांची बायको गुणवंती म्हणाली. ही कामाची घंटा आहे, असं सारंगांनी सुनावलं आणि ती खुंटीला अडकवली. कोणत्या कामाची, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काम डोंबिवलीहून आलं. मुलगा अजिंक्य सुट्टीला येताना कचेरीतला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात त्याने सिनेमे भरले होते, गावच्या नमनाचे खेळ भरले होते, दोन भजनी बुवांच्या डबलबारीचे सामने भरले होते. बाबांनी ओसरीवर बसून मोठ्या टीव्हीवर हवं ते बघावं, एवढीच इच्छा. पण त्यांचं घर रत्नागिरीलगत भाट्याला, ओसरी समुद्राच्या तोंडाला. खारा वारा त्या यंत्राला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकील, शिवाय त्याचा पंखा घरघरतो, म्हणून अजिंक्यने ते आतल्या खोलीत तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवलं आणि वायर भिंतीवरून ओसरीवर आणली. चित्र आलं, आवाज आला. रिमोट तेवढा चालेना. रिमोट जो न दिसणारा उजेड टाकतो तो पकडणारा डोळा होता आत, कॉम्प्युटरला, आणि मध्ये चिऱ्याची भिंत. हे अजिंक्यच्या ध्यानात आलं तेव्हा त्याची परतीची गाडी संगमेश्वर ओलांडून गेली होती.

दुसरा कोणी हळहळला असता. सारंग खूश झाले. इंजिन आत, आपण बाहेर. त्यांना यात काही बिघडलेलं दिसेचना. त्यांनी घंटा आतल्या खोलीत वाशाला टांगली, तिची दोरी ओसरीवरच्या आरामखुर्चीपर्यंत आणली आणि रिमोट गुणवंतीच्या हातात दिला. एक ठोका चालू, दोन ठोके बंद, तीन ठोके मागे. आवाज कमी-जास्त करायची सोय लाँचवर नव्हती, त्यासाठी ते ओरडत.

गुणवंती आत पाटावर बसून तांदूळ निवडी. तिथून टीव्ही दिसत नसे. एखादं गाणं सारंगांना आवडलं की तीन ठोके पडत, मग एक, मग परत तीन. तिने असे कितीतरी सिनेमे सुरू केले, थांबवले, मागे नेले. पाहिला एकही नाही. सारंग ही व्यवस्था येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवीत. पाहुणे कौतुकही करीत. घंटेचं.

असंच चाललं असतं, पण गुणवंतीला स्कूटी शिकायची होती. तिची थोरली बहीण हौसा पावसला राहते. गुडघ्यांनी हौसाचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं आणि बहिणींची भेट फोनवर आली होती. एसटीने गेलं तर सारंगांच्या जेवणाच्या वेळा चुकत. विषय निघाला की ते 'जाऊया एकदा' म्हणत. ते 'एकदा' आता बरंच जुनं झालं होतं. शेजारची दर्शना शिकवायला तयार होती, तिची स्कूटी होती आणि समोर जागाही होती. ओहोटीला भाट्याची वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक होते. अर्धी रत्नागिरी तिथेच गाडी शिकलेली आहे. अडचण होती ती संध्याकाळच्या डबलबारीची. तिने मुलाला फोन लावला.

"रिमोटचं काय यंत्र मिळतं ना रे, ते पाठव. नाहीतर तू ये आणि माझ्या पाटावर बस."

यंत्र आठवड्याच्या आत आलं. केबलवाल्या संदेशने बसवून दिलं. टीव्हीखाली वाटाण्याएवढा एक डोळा, त्याची बारीक वायर भिंतीवरून आत, आणि वायरच्या टोकाचा इवलासा दिवा कॉम्प्युटरच्या डोळ्यावर चिकटपट्टीने चिकटवलेला. ओसरीवर जे बटण दाबाल ते हा दिवा आत जसंच्या तसं सांगतो. जेवण मागत नाही, पाय अवघडले म्हणत नाही. सारंगांनी सगळी बटणं दाबून पाहिली. सगळी चालली.

"हा उत्तर देत नाय रे," ते संदेशला म्हणाले.

संदेश म्हणाला, त्याचं ते कामच नाही. सारंगांना ते पटलं नाही. आतून चरफडण्याचा आवाज आला म्हणजे हुकूम पोचला, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारावरून ठाऊक होतं.

गुणवंती वाळूवर जाऊ लागली. सारंगांनी घंटा आतून सोडवून ओसरीच्या दारात टांगली. नुसती राहू दे, म्हणाले. आणि थोड्याच दिवसांत यंत्र बिघडलं. बिघाडही वक्तशीर. सकाळी ठीक, दुपारी ठीक, दिवेलागणीनंतर ठीक. ऊन उतरून समोरच्या माडांमधून ओसरीत शिरलं की काही ऐकेना. अजिंक्यने फोनवर विचारलं, नेमकं कधी बंद पडतं? सारंग म्हणाले, कधीही. सेल बदलून झाले. संदेश सकाळी येऊन बघून गेला. त्याच्यादेखत ते उत्तम चाललं, तो चहा पिऊन गेला. गुणवंती पुन्हा पाटावर बसली.

असे काही दिवस गेल्यावर एका संध्याकाळी ती उठली आणि दर्शनाबरोबर निघून गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच दर्शनाने मागचा हात सोडला. गुणवंती सरळ चालली होती, केस उडत होते, आणि तेवढ्यात सुरूच्या झाडांपलीकडून दोन ठोके आले. पितळ चांगलं होतं. तिची बोटं तिला न विचारता ब्रेकवर आवळली आणि गाडी आडवी झाली.

दर्शना धावत आली. "काकी, पुढे काय आलं होतं?"

"पुढे काय नाय. मागून आलं."

गुडघा सोलवटला होता. दर्शना गाडी ढकलत, गुणवंती लंगडत, अशा दोघी घराकडे आल्या. ठोके देऊनही कोणी येईना, म्हणून सारंग खुर्चीतून उठले होते. ते टीव्हीसमोर उभे होते. एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या वाटाण्याएवढ्या डोळ्यावर उन्हाच्या आड धरलेला, मावळतीकडे लाँच नेताना स्वतःच्या डोळ्यांवर धरीत तसा. डबलबारी झकास चालली होती. बटण दाबलं की थांबत होती, दाबलं की पुढे जात होती. तिरकं ऊन डोळ्याला काय करतं हे ज्याने हयातभर सोसलं, त्याला यंत्राचा बिघाड पहिल्याच दिवशी कळला होता.

सारंगांनी हात खाली घेतला. चालतं काय ते बघत होतो, असं काहीतरी म्हणाले. दर्शना टीव्हीकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते तिला कळेना.

गुणवंती आत गेली. गुडघा धुतला. आमटीसाठी नारळ फोडायचाच होता, तो फोडला. अर्धी करवंटी घासून स्वच्छ केली, बाहेर आणली आणि त्या डोळ्यावर छपरासारखी काळ्या चिकटपट्टीने चिकटवून टाकली. आरामखुर्चीच्या बाजूला तेवढी फट ठेवली. ऊन अजून भिंतीवर होतंच. तिने नवऱ्याच्या हातातला रिमोट घेतला, खुर्चीत बसली आणि बटण दाबलं. चित्र थांबलं. पुन्हा दाबलं, सुरू झालं. त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली होती, आणि बुवांचा चेहराही पहिल्यांदाच पाहत होती. तिने तो गजर संपेपर्यंत पाहिला. मग रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवून उठली.

"याला आता ऊन लागायचं नाय. बाकी काय हवं असलं तर उठा."

सारंग त्या दिवसापासून यंत्राविषयी चांगलं बोलू लागले. करवंटीची कल्पना आपलीच, असं त्यांनी निदान संदेशला तरी सांगितलं.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्याच रविवारी गुणवंतीने दर्शनाची स्कूटी मागून घेतली. ओल्या काजूच्या उसळीचा डबा डिकीत ठेवला, सारंगांचं जेवण झाकून ठेवलं, कशाखाली काय आहे ते दोनदा सांगितलं. सारंग ओसरीवर सिनेमा लावून बसले होते. तिच्याकडे बघत नव्हते, पण सिनेमाही थांबवलेला होता.

ती पावसच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन ठोके पडले. शेजारपाजारची माणसं दारात आली. गाडी चालतच राहिली. मग तीन ठोके पडले, सावकाश, एकेक वेगळा ऐकू येईल असे. तोवर ती वळणाशी पोचली होती.

वळणावरून हॉर्न आला. एकदाच.