बाय नसलेली कचेरी

आमच्या कचेरीच्या क्रिकेटमध्ये 'बाय' नावाची गोष्टच नव्हती. बॅटला न लागता चेंडू विकेटकीपरच्या हातून सुटला आणि धावा निघाल्या, तर त्या बाय म्हणून वेगळ्या लिहायच्या असतात. फलंदाजाने मारलं किती आणि विकेटकीपरने सोडलं किती, ते त्यातून कळतं. पण रत्नागिरीत आमचे विकेटकीपर म्हणजे खुद्द साहेब. त्यामुळे सुटलेला प्रत्येक चेंडू फलंदाजाने मारलेलाच ठरायचा. बाहेरगावचे संघ आमच्याकडे खेळायला काही उगाच धावत येत नसत.

धावा मी लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं. नोकरी मात्र कच्ची. ती कायम करणारी सही साहेबांच्या हातात, आणि त्या सहीवाचून धाकट्या बहिणीचं लग्न अडलेलं. पहिल्याच सामन्यात मी बाय लिहायला गेलो, तेव्हा पंचाचं काम करणारे आमचे हेडक्लार्क जवळ येऊन म्हणाले, "लिही हो मारणाऱ्याच्याच नावावर. नसती बिलामत हवी कशाला?" बाय झाली की पंचाने हात वर करायचा असतो, यांना नेमकी तेव्हाच तपकीर आठवायची. चेंडू साहेबांच्या पायांमधून गेला की मी धावा मुकाट फलंदाजाच्या नावावर मांडायचो.

दोन हिवाळे असे निभावले. मग साहेबांना कोल्हापूरच्या एका मोठ्या सामन्याचं बोलावणं आलं. बाय नसलेल्या आमच्या वहीच्या जोरावरच ते गेले. परत आले ते कुणाशीही न बोलता. तिथे त्यांच्या बाय मोजताना लोक हसत होते, ही बातमी सोबत गेलेल्या पट्टेवाल्याने आणली. त्या दिवशी कचेरीभर फक्त टाकांची कुरकुर ऐकू येत होती.

दुपारी मला आत बोलावलं. वही त्यांच्यापुढे उघडी होती. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली.

"माझ्या हातून एकही चेंडू सुटला नाही?"

त्यांनी वही मिटली.

"तिथल्या लिहिणाऱ्याला माझी भीती नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "रविवारपासून खरं लिहा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. रविवारी कातळावर काथ्याची चटई ताणली आणि खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात एक चेंडू साहेबांना चुकवून थेट सीमेपार गेला. हेडक्लार्कांनी तपकिरीची डबी काढली. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी बॅटकडे बघितलंच नव्हतं, साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. मी ठळक अक्षरात बाय लिहून टाकली.

साहेब हातमोजे काढत माझ्या टेबलाशी आले. वहीत डोकावले.

"हा बॅटला लागला होता. मी आवाज ऐकला."

मी घाईघाईने खोडरबर उचललं. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"मी म्हणालो म्हणून खोडताय?"

हो म्हणू की नाही, मला कळेना. ते मागे वळले.

सही त्यांनी त्याच आठवड्यात केली. विकेटमागे मात्र ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.