सात पार्टनरांची ओटी

इंग्रजी येतं म्हणून मिरवणाऱ्या माणसाची एका शब्दापायी कशी वाट लागते, ते माझ्याकडून ऐका. हसा खुशाल! सगळी सौसर तहसील हसून बसली आहे, तुम्हीच का मागे राहायचं?

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रामाकोन्याजवळच्या एका गावच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर होतो, तोही कच्चा. म्हणजे नोकरी कच्ची आणि इंग्रजीही कच्चं! बीडीओ साहेबांनी चांगला शेरा मारला, तरच नोकरी पक्की होणार होती. अशात त्यांचं पत्र आलं. परदेशी पाहुणे पंचायतीचा कारभार आणि संत्र्याचे बगीचे बघायला येणार, दुभाषाचं काम मास्तरांनी करावं.

पाहुणे कोण? तर युरोपातले एक साहेब आणि त्यांच्या 'आफ्रिकेतल्या पार्टनर'.

"पार्टनर म्हंजे काय जी, गुरुजी?" सरपंचांनी विचारलं.

आता 'माहीत नाही' म्हणेल तो मास्तर कसला! पांढुर्ण्याहून आलेल्या एका लग्नाच्या कार्डावर मी नुकतंच 'लाइफ पार्टनर' वाचलं होतं.

"बायको!" मी ठणकावून सांगितलं.

झालं! सरपंचांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या सरपंचीणबाईंनी, पदर खोचला. "पयल्यांदा आपल्या गावात येऊन राह्यली बिचारी. ओटी भराच लागन!" साडी आली, नारळ आला, मांडवात शेजारी शेजारी दोन पाट मांडले गेले.

पाहुणे आले. साहेब उंच आणि घामानं लालबुंद. मॅडम ठसठशीत, हसऱ्या. बीडीओ साहेबांची जीप मात्र वाटेत पंक्चर झाली, त्यामुळे सगळा कारभार माझ्या जिभेवर.

"लेकरं किती हायत, इचारा ना गुरुजी," बायांनी फर्माइश केली.

मी विचारलं. साहेब म्हणाले दोन. मॅडम म्हणाल्या चार.

"अवं माय! एकाच घरात त्याचे दोन आन् हिचे चार?"

इथे तरी माझं डोकं चालावं की नाही? चाललं, पण उलटं! "दोघायचंही दुसरं लगन असन. तिकडं चालते," मी बायांना समजावलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झालो.

ओटी भरली. कुंकू लागलं, साहेबांच्याही कपाळाला.

"आता नाव घ्या म्हना!" बाया ओरडल्या.

मी मॅडमजवळ वाकून म्हटलं, "या बायांना तुमच्या पार्टनरचं नाव ऐकायचं आहे."

"कोणत्या?" मॅडम म्हणाल्या. "आमचे सात आहेत."

तोंड मिटावं ना मी? पण दुभाषा ना! मोठ्यानं सांगून मोकळा झालो, "सात हायत म्हनते!"

सरपंचीणबाईंनी हळूच विचारलं, "सातही जित्ते हायत?"

मी घाईनं मॅडमकडे वळलो. "मग... हे साहेब?"

"हे सातवे," मॅडम म्हणाल्या. "मदत करतात, पण सगळ्यांत जास्त प्रश्न हेच विचारतात."

मी हेही सांगितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग नवराच हाय. शंकाच नाही!"

नेमके तेव्हाच बीडीओ साहेब पोचले. साडी, पाट, कुंकू बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, काय करून राह्यले तुम्ही? त्या मोठ्या अधिकारी हायत! त्यायच्या देशाले सात देश मदत करतेत, विकासात, कारभारात; त्यातला एक या साहेबाचा. देश पार्टनर हायत, हे दोघं नाही!"

पक्की नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. रडू यायचंच बाकी होतं. मी कान पकडले आणि मॅडमना खरं काय ते सांगून टाकलं.

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पाटावरून पडायच्याच राहिल्या. मग साडी छातीशी धरून म्हणाल्या, "ही मी परत देणार नाही. सात पार्टनर झाले, पण कागदावर सही न घेता कोणी काही दिलं, ते आजच!"

मॅडम खूष, म्हणून मी वाचलो. बीडीओ साहेबांनी शेरा मारला, 'पक्के करावे. इंग्रजी देऊ नये.'

मी पीटीचा मास्तर झालो. भाषांतराची भानगडच नाही. पण शाळेचं मैदान नेमकं सरपंचांच्या अंगणाला लागून. रिटायर होईपर्यंत रोज सकाळी मी छाती काढून "सावधान!" ओरडायचो, आणि कुंपणापलीकडून सरपंचीणबाईंचा आवाज यायचा, "शुभमंगल!"