तव्यावर ठेवलेला चार्जर

कापूस घरात आला की आमच्याकडे आगीची प्रत्येक गोष्ट पुढच्या खोलीतून बाहेर जाते. देवाचा दिवासुद्धा. देव तिथेच राहतात, कापसाच्या ढिगामागे, आणि दिवा स्वयंपाकघरात लागतो. उदबत्ती नाही, बिडी नाही. पाहुणा कितीही मानाचा असला तरी बिडी ओढायला त्याला अंगणात जावं लागतं. हा नियम माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचा. माझं माहेर बुलढाण्यात, नोकरदारांचं. कापूस गादीत असतो एवढंच मला ठाऊक होतं. धाडच्या बाजूच्या या गावात आल्यावर कळलं की कापूस आधी माणसांच्या खोलीत राहतो आणि माणसं ओसरीवर.

त्या वर्षी भाव पडलेला होता, म्हणून वेचलेला कापूस विकला नव्हता. ढीग खिडकीच्या वर गेला होता. माझ्या थोरल्या जावेच्या मुलीला नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं आणि ते त्या ढिगावर अवलंबून होतं. जाऊ येता-जाता त्या खोलीत डोकावायची. ढीग जागेवर आहे की नाही एवढं बघायची.

शेतीची लाईन, म्हणजे वीज, तेव्हा रात्रीची मिळायची. हरभऱ्याला पाणी द्यायला माझ्या नवऱ्याला अंधारात जावं लागे, म्हणून त्याने धाडच्या बाजारातून डोक्याला बांधायची बॅटरी आणली. तिच्यात लिथियमचे सेल, बोटभर लांब, पेन्सिल सेलपेक्षा जाड. काही महिन्यांत ते उतरले. मग त्याने त्याच बाजारातून दोन सुटे सेल आणि वायरवाला स्वस्त चार्जर आणला. सेलवर छापलेला आकडा भलताच मोठा होता. एवढी ताकद खरंच असती तर त्यावर मोटार चालली असती.

चार्जरला जागा हवी होती आणि हाताशी असलेला प्लग पुढच्या खोलीत होता. चार्जर कापसावरच पडायचा, मऊ जागेवर. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. आमचा नियम ज्योतीचा होता. दिवा नको, बिडी नको, चुलीतला निखारा नको. चार्जरला ज्योत कुठे होती? त्याला लाल ठिपका होता, आणि झालं की हिरवा.

त्यात आणखी एक आमच्या गावाकडची सवय. लाईन कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून लाईन नसतानाच पिन लावून ठेवायची आणि कामाला निघून जायचं. येईल तेव्हा येईल, चार्ज होऊन जाईल. मोबाईल तसेच, सेलही तसेच. घरात कुणी नसताना लाईन यायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं तसंच लागून राहायचं.

एक दिवस जाऊ ढिगावर ताडपत्री ओढत होती. तिचा हात चार्जरला लागला. तिने हात झटकला, मग परत लावून बघितला, तव्यावरच्या भाकरीला लावतात तसा.

"भाऊजी, इकडं या," तिने माझ्या नवऱ्याला हाक मारली. "हे कायले ठुलं इथं?"

"चार्जर हाये वयनी. सेल भरून राह्यले."

"तापून राह्यलं ना पण."

"तापतेच थोडं. त्याले काय होते?"

"हा बी इस्तोच हाये," जाऊ म्हणाली. इस्तो म्हणजे विस्तव. "दिवा काढला म्या देवापुढचा, अन् तुम्ही हे आणून ठुलं."

"वयनी, सेल हाये तो. पोळी नाई जळाले."

"पोळी जळली तं कुत्र्याले टाकता येते. हे जळलं तं कोणाले टाकू?"

नवरा हसला. मी पण हसले. पण जावेने पिन उपटली, चार्जर उचलला आणि ओसरीच्या प्लगाला लावला. खाली फरशीवर जुना लोखंडी तवा ठेवला आणि त्यावर चार्जर. आसपासची पोती, गोधड्या, चपला सगळं हातभर दूर सारलं. मग आम्हा दोघांना सांगितलं, की यापुढे हे इथेच, आणि कुणी ओसरीवर बसलेलं असेल तेव्हाच.

"दूध चुलीवर ठुलं की कोणी उठून जाते का? तसं समजा."

तिला सेलमधलं काही कळत नव्हतं आणि तसा तिचा दावाही नव्हता. दूध तिला कळत होतं.

पुढचे काही दिवस गावात आमची चेष्टा झाली. ओसरीवरून जाणारी बाई विचारायची, "काय वं, आज तव्यावर काय टाकलं?" जाऊ म्हणायची, "तुयासाठी वडे टाकले, बस." नवऱ्याला ते फारसं आवडलं नाही, पण तो वहिनीशी वाद घालत नाही. सवय मात्र सुटली नव्हती. एका दुपारी लाईन नसताना त्याने एक सेल घालून तव्यावरच्या चार्जरची पिन लावली आणि शेतात निघून गेला.

जाऊ ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तूर पाखडत होती. मी हौदावर भांडी घासत होते. लाईन आली ती कुणाच्या लक्षात आली नाही, आवाज करणारं काही चालू नव्हतंच. बऱ्याच वेळाने जावेला काहीतरी वास आला. गोडसर, नखाला लावायच्या रंगासारखा. ती पिन काढायला उठली आणि दोन पावलं गेली असेल तोच चार्जरमधून फुस्स असा आवाज झाला. ती जागीच थांबली. हीच तिची हुशारी. तिने चार्जरला हात लावायला जाण्याऐवजी आधी पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. मग मला ओरडून सांगितलं, "मेन बंद कर, मेन."

मी मेन स्विच खाली ओढला तेव्हा सेलमधून वीतभर ज्वाळ निघत होती आणि ओसरी पांढऱ्या धुराने भरली होती. आम्ही दोघी पदर नाकाला लावून अंगणात उतरलो. अंगणातली कोरडी माती टोपल्याने लांबूनच त्यावर टाकली. थोड्या वेळात ज्वाळ बसली, तरी तवा हात लावण्यासारखा व्हायला संध्याकाळ झाली. चार्जरचं प्लास्टिक तव्याला चिकटून बसलं होतं. फरशीला डागसुद्धा नव्हता. दाराच्या पलीकडे कापूस जसाच्या तसा.

नवरा आला, मातीचा ढीग बघितला, आणि बसून राहिला. जावेने चूल पेटवली. त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी तो उरलेला सेल आणि जळका चार्जर घेऊन बुलढाण्याला दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने तसाच एक चार्जर काढून मीटर लावून दाखवला. हे सेल चार पॉइंट दोन व्होल्टला थांबायला हवेत; तो चार्जर हिरवा दिवा लावूनही पुढे चढतच होता. हिरवा म्हणजे झालं, एवढंच तो सांगतो, थांबत नाही. थांबवायचं काम माणसाचं. शिवाय उरलेल्या सेलचं वरचं वेष्टन टोकाला फाटलेलं होतं. असा सेल, फुगलेला सेल, पार उतरून पडून राहिलेला सेल, किंवा नव्याच्या जोडीला जुना, यातलं काही चार्जरला लावू नये, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने तो सेल तिथेच दिला आणि जरा बरा चार्जर आणला, भरल्यावर आपला आपण थांबणारा.

तोही आमच्याकडे ओसरीवरच लागतो, बिनाकापडाच्या, बिनाकागदाच्या जागी, आणि कुणी बसलेलं असेल तेव्हाच. लाईन नसताना पिन लावणं बंद झालं. या गोष्टी मी पुढे बचत गटातल्या बायकांनाही सांगितल्या. एकीने विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, जावेकडून, दूध तापवताना.

भाव थोडा वर आला तेव्हा टेम्पो आला आणि खोली रिकामी झाली. मुलगी नर्सिंगला गेली. जावेने खोली झाडली, सारवली आणि देवापुढे दिवा परत आणून लावला.

आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायची पद्धत नाही. मी मानले असते तर तिने मला बरं नाही की काय असं विचारलं असतं. जुना तवा वाया गेला होता, म्हणून मी धाडच्या बाजारातून नवा आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला.

"पातळ हाये," ती म्हणाली, आणि चुलीवर ठेवून पहिली भाकरी थापायला घेतली.