म्हाताऱ्याची शेमा

किर्यात मलाखी या इस्रायली गावातल्या एका कारखान्यात राबलेला तो कोकणी म्हातारा मला एकदाच भेटला. मी तेव्हा ऑपरेशन थिएटरात नर्स होते. त्याच्या मेंदूत गाठ होती आणि हिब्रू त्याला धड येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला पुढे केलं.

भुलीचे दोन प्रकार मी त्याला मराठीत समजावले. एकात पूर्ण झोपवतात. दुसऱ्यात नुसती डोक्याची कातडी बधिर करून माणसाला बोलतं ठेवतात, म्हणजे वाचेला धक्का लागला तर लगेच कळतं. तो कानाची पाळी ओढत ऐकत राहिला.

"बाय, शेमा कंच्या भुलीत म्हनता येल?"

मरताना ओठांवर आम्हा ज्यूंची शेमाची प्रार्थना हवी, एवढाच त्याचा हिशेब. त्याने जागं राहायचं ठरवलं.

कवटी उघडल्यावरही तो मला आमच्या नवसाच्या मलिद्याचे पोहे कसे भिजवायचे ते सांगत होता. खोबऱ्यापर्यंत आला आणि रक्तस्राव सुरू झाला. तो थांबेना. डॉक्टर ओरडले, "झोपव त्याला!"

माझ्या हातातली सिरिंज त्याला दिसली. शेमा म्हणताना आम्ही उजव्या हाताने डोळे झाकतो. त्याचा उजवा हात टेबलाला पट्ट्याने बांधलेला होता.

"डोले झाक माजे," तो म्हणाला.

मी सिरिंज डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. तो शेमा म्हणू लागला. शेवटचा शब्द पुरा झाल्यावर औषध सोडलं. तो पुन्हा जागा झाला नाही.

आजही शेमा म्हणायला डोळे झाकते, तेव्हा तळव्याखाली त्याच्याच पापण्या थरथरतात.