शंभरातली एकशे पंधरा खोकी

जुलेखा शेखकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण त्या पदवीचा सगळा अभ्यासक्रम तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोर तिचं ‘नूर झेरॉक्स’ होतं. आत एक कॉम्प्युटर, दोन मशीन, एक स्पायरल बाइंडिंगचा पंच आणि भिंतीवर चढत गेलेले नोट्सचे गठ्ठे. पुस्तक ही वस्तू त्या कॉलेजात लायब्ररीच्या काचेआड शोभेला ठेवलेली असायची. मुलं शिकायची ती नोट्सवर. मास्तर नोट्स लिहायचे, जुलेखा टाइप करायची, मुलं झेरॉक्स काढायची, परीक्षेत तेच उतरवायची आणि मास्तर तेच तपासायचे. या सगळ्या फेऱ्यात टाइप करताना मजकूर अक्षर अन् अक्षर वाचणारी व्यक्ती एकच होती. ती म्हणजे जुलेखा.

बारावीला गणितात तिला चांगले गुण होते. निकाल लागला त्याच महिन्यात लग्न लागलं. नवरा हुजैफा टेम्पो चालवायचा, विंचूर-नाशिक अशा खेपा करायचा. घरी बसवत नाही म्हणून जुलेखा टायपिंग शिकली आणि दुकान टाकलं. मुलं तिला आपा म्हणायची.

तिच्या दुकानातला सगळ्यात खपाचा माल म्हणजे प्रा. कुंदन गायधनी यांच्या संख्याशास्त्राच्या नोट्स. २००८ साली सरांनी त्या हाताने लिहून दिल्या, जुलेखाने टाइप केल्या. त्यानंतर विद्यापीठाने पॅटर्न तीनदा बदलला. म्हणजे काय झालं, तर सर दर वेळी दुकानाच्या पायरीशी स्कूटर उभी करून हेल्मेटसकट सांगायचे, “जुलेखाताई, पहिल्या पानावरचं वर्ष तेवढं बदला.” वर्ष बदललं की नवा अभ्यासक्रम तयार. ज्ञान तसंच राहायचं, लोणच्यासारखं.

या वर्षी ऑगस्टमध्ये दुपारी एक मुलगी दुकानात आली. सायली, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाची. विंचूरहून रोज बसने यायची. तिने गायधनी सरांच्या चाचणीचा तपासलेला पेपर काउंटरवर आपटला.

“आपा, ह्याचा झेरॉक्स द्या. मी फ्रेम करणार हाय.”

“काय झालं?”

“पाचपैकी शून्य! आणि लाल पेनाने लिहिलंय बघा, ‘नोट्स पाहा.’ नोट्स पाहिल्या ना मी, म्हणूनच तर लय हसले.”

जुलेखाने गणित वाचलं. एका कारखान्यात रेझिस्टरची खोकी भरतात. खोक्यात सरासरी दोन रेझिस्टर खराब निघतात. तर एखाद्या खोक्यात जास्तीत जास्त तीनच खराब निघण्याची शक्यता किती? सायलीने लिहिलं होतं ०.८५७१. नोट्समध्ये, पान एक्केचाळीसवर, उत्तर होतं १.१५७१.

“म्हंजे शंभर खोक्यांतली एकशे पंधरा खोकी पास,” सायली म्हणाली. “आमच्या मार्केटात कोणी असं बोललं ना आपा, कांद्याच्या ढिगावर उभं करून फोटो काढतील त्याचा.”

जुलेखा हसली. पण मुलगी गेल्यावर तिने नोट्सची प्रत ओढली. पान नऊवर ठळक अक्षरात एक ओळ होती, जी तिने स्वतः टाइप केली होती: कुठलीही शक्यता एकापेक्षा जास्त असू शकत नाही. पान एक्केचाळीसवर तीच शक्यता सरळ एकाच्या पलीकडे जाऊन बसली होती. दोन्ही पानं एकाच स्पायरलमध्ये, बत्तीस पानांच्या अंतरावर, सतरा वर्षं सुखाने नांदत होती.

तिने कागद घेतला आणि बेरीज मांडली. एकही खराब नाही, ०.१३५३. एक खराब, ०.२७०७. दोन, पुन्हा ०.२७०७. तीन खराब, ०.४८०४. इथे ती थांबली. शक्यता दोनपर्यंत चढून मग उतरायला हवी, ही तीनला एकदम छपरावर कशी गेली? मुलीच्या पेपरात तिथे ०.१८०४ होतं.

जुलेखाला मनातून गुदगुल्या झाल्या. सरांची चूक सापडली होती! डॉक्टरेट, विभागप्रमुख, कॉलेजच्या माहितीपत्रकात हात बांधून फोटो, असे सर. तिने माळ्यावरची बॅग उतरवली. टाइप केलेलं मूळ हस्तलिखित ती कधी टाकत नसे. उद्या कोणी म्हणालं की हे मी दिलंच नव्हतं, तर दाखवायला असावं.

हस्तलिखिताचं पान सापडलं. सरांचं अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं असलं तरी आकडा स्वच्छ होता. ०.१८०४. खाली उत्तर, ०.८५७१.

म्हणजे चार तिने टाइप केला होता. एकच्या जागी चार, स्वतःच्या बोटाने.

गुदगुल्या तिथेच थांबल्या. ती स्टुलावर बसली. एक गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं, त्याला तिने पाठीमागची बाजू दोनदा काढून दिली. सतरा वर्षं, दर वर्षी तीनशे-चारशे पोरं. सगळ्यांना तिने एकशे पंधरा खोकी पाठ करायला लावली होती.

पण मग प्रश्न उरत होता. तिने चार टाइप केला हे खरं, पण खालचं उत्तर कोणी बदललं? ते तर तिने जसंच्या तसं उतरवलं असणार. तिने बॅग अजून उपसली. दुसऱ्या वर्षीची, २००९ सालची तपासणीची प्रत हाती आली. एक्केचाळीसाव्या पानावर ०.८५७१ हे उत्तर हिरव्या शाईने खोडलं होतं. बाजूला सरांच्या अक्षरात: “बेरीज जुळत नाही. उत्तर १.१५७१ करा.” खाली सही, तारीख, आणि सहीखाली दोन ठिपके.

म्हणजे सरांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ती जुळली नाही, आणि चुकलेला चार तसाच ठेवून बरोबर असलेलं उत्तरच त्यांनी दुरुस्त केलं.

घरी तिने हुजैफाला सांगितलं. तो जेवत होता.

“सतरा वर्षांत कुठला पूल पडला का?” त्याने विचारलं.

“हे पुलाचं नाही. खोक्यांचं आहे.”

“मग खोकी तर अजिबात पडत नाहीत. सोडून दे.”

तिने सोडून द्यायचा प्रयत्न केला, तीन दिवस. त्या तीन दिवसांत त्याच नोट्सच्या अकरा प्रती बांधल्या आणि दर वेळी पंचचा दांडा दाबताना एक्केचाळीसावं पान तिला दिसत राहिलं. चौथ्या दिवशी तिने दुकानाला ‘पाच मिनिटांत येते’ ची पाटी लावली आणि फाटक ओलांडलं. इतक्या वर्षांत ती कॉलेजच्या आत फक्त एकदा गेली होती, तेही दुकानातलं प्यायचं पाणी संपलं म्हणून आणायला.

गायधनी सर केबिनमध्ये डबा खात होते. तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. सरांनी पहिला कागद पाहिला, त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे टायपिंग मिस्टेक! मी नेहमी म्हणतो, माझं मूळ बरोबरच असतं.”

“हो सर. माझीच चूक. म्हणून तर आले.”

“असू दे, असू दे. माणूस म्हटलं की—”

“आता दुसरा कागद बघा.”

सरांनी दुसरा कागद पाहिला. भाजीचा घास तोंडात तसाच राहिला. सहीखालचे दोन ठिपके त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

“हे... त्या वर्षी माझ्याकडे परीक्षा विभागाचं काम होतं,” ते म्हणाले.

“सर, मी चूक एकदा केली. तुम्ही ती सतरा वर्षं शिकवली. आणि ज्या पोरीने बरोबर लिहिलं तिला शून्य दिलंत.”

सरांनी डब्याचं झाकण लावलं. मग अगदी सहज, जणू टेबल आवरताहेत असं दाखवत, दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये सरकवले.

“पुढचा पॅटर्न येईल तेव्हा बघू आपण.”

“ठेवा सर,” जुलेखा म्हणाली. “ते झेरॉक्स आहेत. माझा धंदाच तो आहे.”

दुकानात येऊन तिने हिरव्या कागदाचं पाकीट फोडलं आणि चिठ्ठी टाइप केली. ‘पान ४१, उदाहरण १४. तिसरी किंमत ०.१८०४ वाचावी. उत्तर ०.८५७१ वाचावे. चूक टाइप करणारीची आहे, आणि तपासणाऱ्याचीही. – जुलेखा शेख, नूर झेरॉक्स.’ प्रत्येक नव्या प्रतीत एक चिठ्ठी चिकटवली. ज्यांनी आधीच नोट्स नेल्या होत्या त्यांच्यासाठी काउंटरवर गठ्ठा ठेवला.

मुलांनी आयुष्यात कधी नोट्स इतक्या आवडीने वाचल्या नव्हत्या. चिठ्ठीचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेला. पुण्या-बंगळुरूत नोकरीला असलेली बाप्ये माणसं खिदळायला लागली. एकाने लिहिलं की तो मुलाखतीत हेच उत्तर देऊन आला होता आणि समोरच्यांनी त्याला पाणी विचारलं होतं. ‘एकशे पंधरा टक्के’ हे सरांचं नाव पडलं. हजेरी घेताना मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, “सर, आज एकशे पंधरा मुलं हजर आहेत.”

आठवड्याने सर दुकानाशी आले. हेल्मेट काढलं नाही, काच तेवढी वर केली.

“तुम्ही माझी बदनामी चालवली आहे. उद्यापासून माझ्या नोट्स दुसरीकडे मिळतील. सॉफ्ट कॉपी द्या.”

जुलेखाने वाद घातला नाही. पेन ड्राइव्ह लावला, फाइल टाकली, हातात दिली. “चूक दुरुस्त करून दिली आहे,” एवढंच म्हणाली. गायधनी सरांच्या नोट्स गेल्या म्हणजे दुकानाचा कणा गेला. हुजैफाला तिने रात्रीपर्यंत काही सांगितलंच नाही.

दोन दिवस दुकान ओस होतं. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, सर पुन्हा आले. या वेळी हेल्मेट हातात होतं. डोक्याचा घाम पुसत ते पायरीवरच घुटमळले.

“जुलेखाताई, एक विचारू? बाकीच्या पानांचं काय?”

“म्हणजे?”

“मी काल चौथं युनिट स्वतः सोडवायला बसलो.” त्यांनी घसा खाकरला. “खूप वर्षांनी बसलो. तीन उत्तरं येईनात. आधी वाटलं, माझंच चुकतंय. मग वाटलं, तुमचं चुकलं असेल. मग मी मूळ वही शोधली, तर वहीच नाही. ती तुमच्याकडे आहे.”

जुलेखाने त्यांच्याकडे पाहिलं. माहितीपत्रकातल्या फोटोत होते त्यापेक्षा ते बरेच म्हातारे दिसत होते. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि माळ्यावरची बॅग उतरवली.

पुढचे सहा दिवस दुपारी एक ते तीन हे दोघं काउंटरमागे बसले. सर सोडवायचे, जुलेखा हस्तलिखितातून आकडे वाचून दाखवायची. मुलं झेरॉक्सला यायची, आपल्या विभागप्रमुखाला कागदांच्या रिमांमध्ये बसून हाताने भागाकार करताना बघायची आणि आवाज न करता परत जायची. चूक सापडली की दोघांचं भांडण व्हायचं.

“ही तुमची.”

“माझी कशी? वहीत सातच आहे.”

“तो सात नाही, एक आहे. मी एक असाच काढतो.”

“मग तो तुमच्या अक्षराचा दोष. तुमच्यात धरा.”

शेवटी एकोणीस चुका निघाल्या. आठ जुलेखाच्या, अकरा सरांच्या. त्या अकरांतल्या चारांबद्दल सरांनी सांगितलं की त्या त्यांच्याही नव्हत्या. त्यांच्या सरांनी धुळ्यात फळ्यावर लिहिलेलं त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं, आणि त्या सरांनी ते कुठून आणलं देव जाणे.

“मला गणित आवडायचं हो,” शेवटच्या दिवशी ते चहा पिताना म्हणाले. “मग शिकवायला लागलो आणि करायचं राहून गेलं.”

जुलेखालाही गणित आवडायचं.

नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर सरांनी तिच्यासाठी ‘टंकलेखन साहाय्य’ असं लिहून आणलं. तिने ते खोडून ‘तपासणी: जुलेखा शेख’ केलं. सरांनी दोन क्षण कागदाकडे बघितलं, मग खाली सही केली. ठिपके दिले नाहीत. सायलीचे पाच गुण वाढवून मिळाले. ती आधीच पास होती, त्यामुळे त्या पाच गुणांनी काहीच फरक पडला नाही, पण तिने सगळ्या वर्गाला सामोसे खाऊ घातले.

दिवाळीच्या सुट्टीआधी डेटा स्ट्रक्चर शिकवणारे एक तरुण सर दुकानात आले. हातात नव्वद पानांचा गठ्ठा होता.

“टाइप करायचंय,” ते म्हणाले. “फक्त टाइप, हं. वाचायचं नाही.”

“न वाचता टाइप कसं करतात सर?”

त्यांनी जरा विचार केला, गठ्ठा काखेत मारला आणि द्वारका चौकाकडे जाणाऱ्या रिक्षात बसले. जुलेखाने रिक्षा वळेपर्यंत पाहिलं आणि मशीनमध्ये कागद भरायला घेतला. अर्ध्या तासाने रिक्षा परत आली. तरुण सर उतरले, गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि वरची दहा-बारा पानं मात्र काढून घेतली.

“ही उद्या देतो,” ते म्हणाले. “एकदा बघून घेतो जरा.”