मांडावरचं गाऱ्हाणं

गुरुदास तांडेल किनाऱ्यावर गाऱ्हाणं घालायला लागला की पाण्यातल्या होडीतली माणसंही तिथूनच "व्हय म्हाराजा" म्हणत, असा त्याचा आवाज. होडी लोटायची असो, होळी उभी करायची असो, की दोन भावांचा कुंपणावरून चाललेला तंटा मिटवायचा असो, हात जोडून देवाकडे मागणं तोच मागे आणि बाकीच्यांनी एका सुरात होकार द्यायचा. एकदा "व्हय" म्हटलं की विषय संपला. मागाहून कुणी कुरकुर केली तर गुरुदास त्याच्या सावलीलाही उभा राहत नसे. तसा तिरसटच माणूस. त्याची बायको हौसाबाई म्हणायची, "घरात ह्ये तोंड उघडनत नाय, आणि देवासमोर उभे ऱ्हवले की थांबनत नाय."

गाऱ्हाणं व्हायचं ते मांडावर. समुद्राला लागून माडांच्या अलीकडे पसरलेली ती मोकळी जागा. सगळी वाडी मिळून ओढायची ते रापणीचं लांबलचक जाळं तिथेच वाळायचं, बायका बांगडे तिथेच सुकत घालायच्या, शिमगा तिथेच रंगायचा. मांड कुणाचा, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मग खोती गेली, ग्रामपंचायत आली आणि मांड कागदावर पंचायतीच्या नावाने लागला. त्रेसष्ट साली बातमी फुटली की तिथे एक व्यापारी बर्फाचा कारखाना घालणार आहे. गुरुदासला जेवण जाईना. जाळं पसरायला जागा नसली तर रापण नाही, आणि रापण नसली तर वाडीतल्या पोरांनी काय करायचं? मुंबईला जाऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं.

कार्तिकातल्या एका दुपारी त्याच मांडावर ग्रामसभा भरली. सरपंच सत्यवान जवळच्याच नात्यातला, गुरुदासला काका म्हणणारा. तो म्हणाला, "कारखानो इलो तर वीज येतली, रस्तो येतलो. म्हावरा कुसान जाता, ता तरी वाचात." वरच्या वाडीतल्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी माना डोलावल्या.

खालच्या, मच्छीमारांच्या वाडीतली सुशीला पदर खोचून उभी राहिली. "आणि आमी म्हावरा सुकत घालू खंय? तुझ्या पडवेत?"

हशा झाला. मग शाळेचे आंतोन मास्तर उठले. ते क्रिस्तांव, पण त्यांच्या घराचाही रापणीत वाटा होता. ठराव लिहायला बसलेल्या परगावच्या ग्रामसेवकाला कळावं म्हणून ते पुस्तकी मराठीत बोलले: "कारखान्याला आमचा विरोध नाही. टेकडीखाली पडीक जमीन आहे, ती द्या. मांड कायमचा मोकळा राहील, असा ठराव करा." वरच्या वाडीने आरडाओरडा केला, खालच्या वाडीने त्याहून मोठा केला. दोघे तरुण तर हातघाईवर आले. तेव्हा सत्यवानच म्हणाला, "हात वर करून मतां घेवया. पण आधी गाऱ्हाणा होवंदे. काका, घाला."

गुरुदास उठला. सगळी डोकी आपोआप उघडी झाली.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या मांडार जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो मांड वाडवडलांनी जसो राखलो, तसोच मोकळो ऱ्हवांदे रे म्हाराजा! ह्येच्यार कोणाची वायट नजर पडली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वरची वाडीही म्हणाली. सत्यवानही म्हणाला. गुरुदासचे डोळे भरून आले. त्याच्या लेखी मांड वाचला होता.

आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ओरडलं, "तारली! तारली इली!" किनाऱ्याजवळ तारली मासळीच्या थव्याने पाणी काळवंडलं होतं, वर पक्षी तुटून पडत होते. खालची वाडी ताडकन उठली.

"थांबा!" मास्तर पुढे धावले. "हात मोजायचे आहेत!"

"मास्तरांनू, देवाक व्हय म्हणान झाला," गुरुदास हसून म्हणाला. "आता हात कसले मोजतास? हात हयसर व्हये, रापणीक. चला रे!"

तो बोलला म्हटल्यावर कोण थांबतो? पुरुष होडीकडे पळाले, बायका टोपल्या आणायला गेल्या. जाळं इतकं भरलं की ओढता ओढता तळहात सोलवटले. कित्येक वर्षांत अशी मासळी लागली नव्हती. मास्तर वाळू तुडवत आले तेव्हा गुरुदास दोराला लटकून गात होता.

"गुरुदास, मांड गेलो," मास्तर म्हणाले. "आमी थोडेच उरलंव. तेंचे हात जास्त झाले."

तसाच ओल्या अंगाने तो सत्यवानापुढे जाऊन उभा राहिला. "तू पण व्हय म्हटलंस मां रे?"

"म्हटलंय. ता देवापुढे, काका. ह्या सरकारी काम." सत्यवानाला खरंच वाईट वाटत होतं. पण ठराव लिहून झाला होता.

मास्तरांनी अर्ज केले, मामलेदाराकडे खेपा घातल्या. काही झालं नाही. वाडीने आधी सत्यवानाला शिव्या घातल्या, आणि हळूहळू गुरुदास आला की बोलणी थांबू लागली. कुणी तोंडावर बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. सभेतून माणसं कुणी उठवली, हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. मांडाला काटेरी तार लागली, जाळं घरांच्या आडोशाला कुजलं, आणि पोरं एकेक करून मुंबईची बोट धरू लागली. त्याने गाऱ्हाणं घालणं सोडलं.

कारखाना सुरू व्हायच्या दिवशी सत्यवान त्याला गाऱ्हाण्यासाठी बोलवायला घरी आला. गुरुदास दाराकडे पाठ करून बसून राहिला. मग गाऱ्हाणं घालायला वरच्या वाडीतला एक जण उभा केला. न राहवून गुरुदास मागाहून गेला आणि तारेबाहेर उभा राहिला.

"ह्यो कारखानो भरभराटीक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज गुरुदासचा होता. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं.

शेजारी उभ्या असलेल्या सुशीलाने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, पण कारखान्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणे, "माका इचारू नको रे. मी व्हय म्हटलंय."