अर्धं ताट झालं की बदलायचं

मी माझ्या नणंदेचं उष्टं खात आले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मी इथे कधी लिहीत नाही. तुमचे फोटो बघते, लाइक करते, बंद करते. पण आज लिहिते, कारण जिच्याशी हे बोलले असते तीच नाही.

लग्न होऊन मैंदर्गीहून सोलापुरात आले तेव्हा माझं मराठी कच्चं होतं. माहेरी सगळं कन्नड. चुकेल म्हणून मी बोलायचेच नाही.

अक्का म्हणजे माझ्या मिस्टरांची मोठी बहीण. बँकेत होत्या, दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहायच्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, एका शनिवारी दारात येऊन उभ्या.

"आवर गं. बाहेर जेवायला जायचंय."

सासूबाई आतून ओरडल्या, "का? घरात अन्न न्हाय व्हय?"

"अन्न लई आहे की आई. पण वाढणारी ही एकटीच आहे. आज हिला कुणीतरी वाढू दे."

बाळीवेशीतल्या एका जुन्या खानावळीत नेलं. गल्ल्यावरच्या मालकांना "शरणु" म्हणून हात जोडले आणि मला न विचारता दोन वेगळी ताटं मागवली.

त्यांना शेंगदाण्याच्या कुटाची शेंगाभाजी आणि कडक भाकरी. मला भरलं वांगं.

अर्धं जेवण झालं आणि त्यांनी आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं. माझं ओढून घेतलं.

मी घाबरले. "अक्का, उष्टं आहे..."

"मग? नणंदेचं उष्टं खाऊन कुणाची जीभ झडल्याचं ऐकलंयस? खा, आणि सांग कुठलं चांगलं."

"दोन्ही छान आहेत."

"झालं! हिला सगळंच छान. नवऱ्यालासुद्धा छान म्हणत असशील."

मला हसताना ठसका लागला. सासरी आल्यावर इतक्या मोठ्याने हसले ते तिथेच पहिल्यांदा.

मग तो नियमच झाला. शनिवारी दोघींनी जायचं. दोन वेगळे पदार्थ. अर्धं ताट झालं की बदलायचं. आणि निकाल द्यायचा.

निकाल अर्थात अक्काच द्यायच्या.

"सांबार अशोक चौकातलं, चटणी नवी पेठेतली. दोघांचं लग्न लावून दिलं पाहिजे."

"इथली भजी गार झाली की चपलेला ठोकावी."

वेटर ऐकतोय म्हटलं की तेच कन्नडमध्ये म्हणायच्या. वेटरलाही कन्नड यायचं. तो हसायचा.

खरा वाद एकच होता. शेंगाभाजी.

बाळीवेशीतली लालभडक, वर तेलाचा तवंग. होटगी रोडला एक एसी हॉटेल आहे, तिथली जरा सौम्य. अक्का कायम बाळीवेशीच्या बाजूने. होटगी रोडच्या भाजीला त्या शेंगदाण्याची खीर म्हणायच्या.

"तुला कुठली आवडते?"

"दोन्ही छान आहेत."

"मुकी आहेस अगदी."

मग आजार निघाला. केमोनंतर त्यांच्या तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी नाणं चोखल्यासारखं लागतं म्हणायच्या. मी पेज केली, मऊ भात केला. एक घास घ्यायच्या आणि ताटली बाजूला करायच्या.

एका शनिवारी म्हणाल्या, "पार्सल घेऊन ये. तू खा. मी ऐकते."

"काय ऐकता?"

"चव. कशी लागते ते सांग. छान म्हणालीस तर या आजारपणातसुद्धा उठून मारीन."

मला कुठे असं बोलता येतं. पण त्या डोळे मिटून वाट बघत होत्या.

म्हणाले, "आधी तिखट कळत नाही. गिळल्यावर घशाशी येतं. शेंगा जरा जास्त भाजल्यात. लसूण कच्चा लागतोय."

अक्कांनी आवंढा गिळला.

"बाळीवेस," म्हणाल्या.

बरोबर होतं.

त्यानंतर दर शनिवारी मी त्यांच्या पलंगाशी बसून जेवायचे आणि बोलायचे. जी बाई घरात दोन वाक्यं बोलत नव्हती, ती एका भाकरीवर अर्धा तास बोलायला लागली. अक्का मधेच विचारायच्या, "मोडताना आवाज कसा आला?" मी भाकरी त्यांच्या कानाशी नेऊन मोडायचे.

शेवटच्या शनिवारी दोन्ही ठिकाणची शेंगाभाजी आणली होती.

"आज निकाल दे," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत्ता नाही. तुम्ही बऱ्या व्हा. दोघी जाऊ, समोरासमोर बसू, तेव्हा सांगते."

"लालूच दाखवतेस व्हय गं मला?"

"हो."

त्या हसल्या. माझा हात धरून ठेवला. जेवायचा उजवा हात, भाजीने माखलेला. तसाच.

पुढचा शनिवार आला नाही.

वर्षभर मी शेंगाभाजी तोंडात घातली नाही.

आज सकाळी मिस्टर म्हणाले, "फोटोसमोर नैवेद्य ठेवायचा. अक्काला शेंगाभाजी आवडायची. पण हॉटेलचं चालतं का गं आई?"

"तिला चालतंय," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

मिस्टरांनी गाडीची किल्ली घेतली. "बाळीवेशीतून आणतो."

मी म्हणाले, "होटगी रोडवरून आणा."

ते थांबले. "अगं, ती तर तिला अजिबात आवडायची नाही."

"माहीत आहे. भांडायला तरी येतील."

अक्का, होटगी रोडची चांगली आहे. शेंगा बेताने भाजलेल्या असतात, लसूण कच्चा राहत नाही. मला पहिल्यापासून तीच आवडायची.

हे तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं.

तुमच्या फोटोपुढे शेंगाभाजीचं ताट ठेवलंय. माझ्यापुढे वांग्याचं.

अर्धं झालं की बदलू.

शरणु, अक्का.